अकराशे पन्नास रुपयांचा जाब

(सोलापुरातल्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, पुनरुक्ती तेवढी काढलीय.)



अध्यक्षमहाराज वगैरे म्हणण्यात वेळ घालवत नाही. इथं बसलेल्यांपैकी कित्येकांच्या आया आत्ता या क्षणी विड्या वळत असतील. कुणाची कारखान्यात कांड्या भरत असेल, कुणाची टॉवेलला शिलाई मारत असेल, कुणाची दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असेल. यातल्या बहुतेक जणींच्या पेटीत नाहीतर गादीखाली एक कार्ड असतं. कर्जाचं कार्ड. हप्त्याच्या चौकटी छापलेलं, सहीसाठी रेघा मारलेलं, हळदीच्या बोटांनी डागाळलेलं. आज मी त्या कार्डावरच्या फक्त एका ओळीवर बोलणार आहे. त्या ओळीत लिहिलेलं असतं, विमा. पुष्कळदा तेही इंग्रजीत. आणि पुढे एक आकडा.

आपण व्यवस्थेवर फार बोलतो. व्यवस्था कुठाय म्हणून विचारलं की दिल्लीकडं नाहीतर मंत्रालयाकडं बोट दाखवतो. अरे बाबांनो, ती आपल्या आईच्या गादीखाली घडी घालून ठेवलीय! तिची भाषा वाचायला शिकलो नाही तर आपल्या सगळ्या घोषणा म्हणजे नुसता घशाला व्यायाम.

माझ्याच घरचा कागद घेतो, कारण तो मी ओळ न् ओळ वाचलाय. कंपनीचं नाव घेत नाही. आईला गटातून चाळीस हजार मंजूर झाले. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर मिळून ४७२ रुपये कापले. विम्याचे म्हणून १,१५० कापले. हातात पडले ३८,३७८. आता व्याज कशावर लागलं? हातात पडलेल्या पैशावर? छट्. पूर्ण चाळीस हजारावर. दर चोवीस टक्के, मुदत दोन वर्षं, हप्ता महिन्याचा.

हे नीट समजून घ्या. विम्याचे ते अकराशे पन्नास आईनं डोळ्यांनी बघितले नाहीत. कंपनीच्या या खिशातून निघाले आणि विमा कंपनीच्या खिशात गेले. पण आईच्या नावावर ते कर्ज म्हणून चढले. चोवीस हप्त्यांत ती त्या अकराशे पन्नासचे जवळपास १,४६० रुपये फेडते. म्हणजे न बघितलेल्या पैशाचं तीनशे दहा रुपये व्याज. तीनशे दहा रुपये म्हणजे किती विड्या, किती पानं, किती रात्रीचं जागरण, हे घरी गेल्यावर आपापल्या आईला विचारा. तिला कॅलक्युलेटर लागत नाही.

मी आईला विचारलं, "तू विमा घेतलास?"

ती म्हणाली, "कुठला विमा रे? सर म्हणले, मावशी फोनवर आकडा आलाय तो सांगा. सांगितले."

झाली संमती! आज्याच्या काळात सावकार अंगठा उठवून घ्यायचा. आता अंगठ्याला शाई लागत नाही, ओटीपी लागतो. एवढीच काय ती प्रगती.

कुणी म्हणेल, विमा वाईट आहे का? नाही. मीही म्हणत नाही. घरातलं कमावतं माणूस गेलं तर पोराबाळांच्या डोक्यावर कर्ज राहू नये, यासारखी चांगली गोष्ट नाही. श्रीमंत माणूस विमा घेतो तेव्हा चार कंपन्या बघतो, एजंटाला चहा पाजून घाम फोडतो, मग सही करतो. आपल्या बाईला मात्र विमा कुणाचा, किती रकमेचा, कुणाच्या जिवाचा, किती दिवसांचा, पैसे कुणाला मिळणार, यातलं एकही अक्षर सांगितलं जात नाही. अंधारात विकलेला माल चांगला असला तरी ती विक्री लबाडीची. आणि माल चांगला होता की नाही, हे कळतं माणूस मेल्यावर.

आमच्या गल्लीतली एक बाई. नाव सांगत नाही, तिला अजून त्याच गटात बसायचंय. नवरा रिक्षा चालवायचा. कर्ज देताना गटाच्या मीटिंगमध्ये सांगितलेलं, नवरा-बायको दोघांचाही विमा आहे, कुणाला काही झालं तर पुढचे हप्ते माफ. नवरा गेला. एका रात्रीत गेला. तिसऱ्या दिवसाचं आटपून बाई घरात बसलीय, तर हप्त्याचा दिवस आला. ती म्हणाली, विमा आहे ना? उत्तर आलं, विमा तुमच्या एकटीच्या नावावर आहे, मिस्टरांचा नाही.

म्हणजे बाईनं स्वतः मरायला पाहिजे होतं!

तिचा हप्ता कुणी भरला? गटातल्या बाकीच्या बायकांनी. गटाचा कायदाच तसा. एकीचा चुकला तर सगळ्यांनी भरायचा, नाहीतर पुढचं कर्ज कुणालाच नाही. शेजारीण शेजारणीची वसुलीदार. ज्या बायका कालपर्यंत एकमेकींच्या घरी पीठ-मीठ मागायला जायच्या, त्या आता मयताच्या दारात उभ्या राहून म्हणतात, बाई, तुझा हप्ता.

मग आम्ही तिघं-चौघं पोरं बसलो. तिचं कार्ड काढलं. कार्डावर विम्यापोटी कापलेला आकडा दोघांच्या विम्याचा होता. कंपनीकडून विम्याचं सर्टिफिकेट मागवलं तर त्यात नाव एकटीचं. म्हणजे पैसे दोन जिवांचे घेतले, विमा एकाच जिवाचा उतरवला. लेखी तक्रार केली. कार्डाची झेरॉक्स, सर्टिफिकेटाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, आणि मराठीत दीड पान. पाचव्या आठवड्यात उत्तर आलं, नोंद करताना चूक झाली. उरलेलं कर्ज मिटलं. मधल्या काळात बायकांनी भरलेले दोन हप्ते परत आले.

चूक म्हणे! कधी असं का होत नाही की चुकून पैसे एकाचे कापले आणि विमा दोघांचा उतरला? ही चूक नेहमी वरच्या दिशेनंच कशी वाहते? आणि त्या पाच आठवड्यांचं काय? सुतकात वसुलीला सामोरं जावं लागलं त्याचं काय? पैसे परत मिळणं ही एक गोष्ट आणि नुकसानभरपाई ही दुसरी. आपली माणसं पहिलीवरच हात जोडून मोकळी होतात. दुसरी मागायची असते हेच आपल्याला कुणी शिकवलं नाही.

आता जरा मागं जाऊ. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. नगर जिल्ह्यापर्यंत वणवा गेला. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंगे! पण त्या लोकांनी काय जाळलं ते बघा. कागद जाळला. निरक्षर माणसाला नेमकं ठाऊक होतं की फास दोरीचा नाही, कागदाचा आहे.

त्यातून इंग्रज सरकारला १८७९ साली कायदा करावा लागला, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. तो सुरुवातीला चार जिल्ह्यांना लागू झाला : पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर. त्यात काय होतं? कोर्टानं नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही, रोख्याच्या मागं जायचं, व्यवहार मुळापासून तपासायचा, खरोखर हातात किती पडले ते बघायचं. दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर करायचा. पैसे घेतले की पावती द्यायची. कुळानं मागितला तर हिशेब लिहून द्यायचा. तो कायदा केव्हाच गेला. पण प्रश्न बघा, तोच आहे. कागदावर चाळीस हजार, हातात किती? या जिल्ह्यात तो प्रश्न सरकारदरबारी मान्य होऊन दीडशे वर्षं होत आली, आणि आपण अजून लाजतोय विचारायला!

आजचा कायदा काय म्हणतो? ऐका, आणि जमलं तर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये मायक्रोफायनान्स कर्जासाठी नियम केले. त्यात लिहिलंय की कर्जाव्यतिरिक्तची वस्तू कर्जदाराच्या पूर्ण संमतीनंच द्यायची आणि तिचे पैसे कर्जाच्या कार्डावर स्पष्ट दाखवायचे. कार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत पाहिजेत. तक्रार कुणाकडं करायची त्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर कार्डावर पाहिजे. आपल्या पूर्वभागात बाई तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची कन्नड बोलते, बुधवार पेठेतली मराठी. आणि कागद? कागद साहेबाच्या भाषेत. हा नियमभंग आहे. तुमच्या आईचं अज्ञान नाही, त्यांचा नियमभंग आहे. हा फरक आईला समजावून सांगा, तिची मान वर होईल.

पुढे एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी एक परिपत्रक काढलं, ते १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना लागू झालं. कर्जाआधी एक तक्ता द्यायचा, त्यात कर्जाचा खरा वार्षिक दर लिहायचा, आणि दुसऱ्या कंपनीच्या वतीनं कापलेला विम्याचा पैसाही त्या दरात धरायचा. म्हणजे चोवीस टक्के म्हणून सांगायचं आणि विमा गुपचूप बाजूला ठेवायचा, हे चालणार नाही. तक्त्यात नसलेला पैसा कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तर खुद्द केंद्रीय अर्थमंत्री बँकवाल्यांच्या कार्यक्रमात म्हणाल्या की चुकीच्या पद्धतीनं विमा गळ्यात मारल्यानं कर्ज आडमार्गानं महाग होतं. म्हणजे ही ओरड आता फक्त आपल्या गल्लीची राहिलेली नाही.

हे सगळीकडं चालतं. इंग्लंडमध्ये तर असल्या विम्यानं इतिहास घडवला. कर्ज घेणाऱ्याच्या गळ्यात हप्तेफेडीचा विमा मारायचा. नोकरी गेली तर हप्ते भरू म्हणून सांगायचं, आणि विकायचा कुणाला, तर ज्याला नोकरीच नाही, ज्याचा स्वतःचा छोटा धंदा आहे, त्यालाही. म्हणजे पैसे घ्यायचे, पण दावा कधी मंजूर होणारच नाही अशी सोय. २००५ साली तिथल्या नागरिक सल्ला संघटनेनं सरकारी यंत्रणेकडं मोठी तक्रार दाखल केली. पुढे नियम कडक झाले, तर बँका कोर्टात गेल्या. २०११ च्या एप्रिलमध्ये हरल्या. मग परतावा सुरू झाला. तक्रार करण्याची शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९. तोपर्यंतच्या तक्रारींपोटी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत करावी लागली. अब्ज, दोस्तहो, अब्ज!

त्यातला एक खटला सांगतो. एक विधवा प्राध्यापिका. कर्ज ३४,००० पौंडांचं, त्यावर विमा ५,७८० पौंडांचा. त्या विम्याच्या पैशातला जवळजवळ ७२ टक्के भाग नुसतं कमिशन होता! बाईला हे सांगितलंच नव्हतं. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, हे लपवून ठेवल्यामुळं धनको आणि ऋणको यांचं नातंच अन्यायाचं झालं. तिथं शिकलेली, पगारदार बाई फसली. म्हणजे फसणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. फसवणं हा धंदा आहे.

पण त्याच इंग्लंडची दुसरी बाजूही ऐका. परताव्याचा पूर आला तसे दलाल उगवले. तुमची तक्रार आम्ही करतो, मिळालेल्यातला एवढा हिस्सा आमचा. ज्या अर्जाला एक पैसा लागत नव्हता त्यावर लोकांनी भरमसाठ कमिशन दिलं. शेवटी २०१८ साली कायदा करून त्यावर वीस टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडंही हे होणार. उद्या कुणी गळ्यात निळा रुमाल घालून वस्तीत येईल आणि म्हणेल, ताई, विम्याचे पैसे काढून देतो, निम्मे माझे. त्याला हात धरून बाहेर काढा. आपल्यातला असला तरी काढा. आपल्यातला असला तर आधी काढा!

आता काम. भाषण पुरे.

पहिलं, कागद गोळा करा. कर्जाचं कार्ड, दर सांगणारा तक्ता, बँकेचं पासबुक, फोनवर आलेले मेसेज. मेसेज पुसू नका. गटाच्या विम्यात मूळ पॉलिसी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या नावावर असते, आपल्याला विम्याचं सर्टिफिकेट मिळायला पाहिजे. आमच्या गटातल्या बहुतेकींकडं ते नव्हतंच. लेखी मागा. त्यात पाच गोष्टी बघा : नाव कुणाचं, वय बरोबर आहे का, रक्कम किती, मुदत किती, वारस कोण. पैसे आधी कर्ज देणाऱ्याला जाणार आणि उरले तर वारसाला, हेही त्यात कळतं. कर्ज मुदतीआधी फिटलं तर उरलेल्या काळाच्या विम्याचं काय, तेही विचारा.

दुसरं, नवा विमा असेल तर पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत तो परत करता येतो. २०२४ च्या नियमांनी ही मुदत तीस दिवस केली. किरकोळ वजावट सोडून पैसे परत मिळतात. पण सर्टिफिकेटच देत नाहीत, मग तीस दिवस मोजायचे कुठून? म्हणून आधी कागद मागा.

तिसरं, तक्रार लेखी करा. तोंडी बोललेलं हवेत जातं. एक अर्ज कर्ज देणाऱ्या कंपनीला, एक विमा कंपनीला. साधी मराठी. मला विमा समजावून सांगितला नाही, माझी संमती घेतली नाही, एवढे रुपये कापले, ते व्याजासह परत करा, आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या. हे शेवटचं वाक्य विसरू नका. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा.

चौथं, महिनाभर वाट बघा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वरचा दरवाजा. कर्ज देणारी बँक किंवा मोठी फायनान्स कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ ची योजना आली तेव्हाच तिच्यात मनस्तापासाठी एक लाखापर्यंत वेगळ्या भरपाईची तरतूद होती. विमा कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर विमा लोकपाल, सोलापूरकरांसाठी तो पुण्यात. दोन्हीकडं फी नाही, वकील लागत नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट वेगळी, सहकार निबंधकाकडं जायचं.

पाचवं, ग्राहक आयोग. जिल्ह्याचा आयोग इथंच सोलापुरात आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार करता येते, कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत असो नाहीतर चेन्नईत. आपल्यासारख्या छोट्या रकमेला फी नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. स्वतः उभं राहून बोलता येतं.

आणि एक धोक्याची सूचना. तक्रार केली म्हणून हप्ता थांबवू नका. हप्ता थांबला की क्रेडिटच्या नोंदीत बाईचं नाव काळं होतं आणि उद्या कुठलाच दरवाजा उघडत नाही. हप्ता हप्त्याच्या जागी, भांडण भांडणाच्या जागी.

आता भीती. ती खरी आहे, तिला हसू नका. बाई म्हणते, तक्रार केली तर पुढचं कर्ज बंद होईल, पोरीच्या कॉलेजची फी कुठून भरू? एकटीनं केली तर तिला खरंच बाजूला काढतील. म्हणून एकटीनं करायचीच नाही. एका गटाच्या सगळ्या बायकांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच टपालात. ज्या गटाला त्यांनी वसुलीचा चाबूक केला, तोच गट आपण तक्रारीसाठी वापरायचा. अख्खं सेंटर बंद करणं त्यांच्याही धंद्याला परवडत नाही.

आणि तो वसुलीला येणारा पोरगा? त्याच्या कॉलरला हात घालू नका. तोही बहुतेकदा आपल्यातलाच असतो. बीए झालेला, मोटारसायकलच्या हप्त्यात अडकलेला, डोक्यावर टार्गेट घेऊन उन्हात फिरणारा. विमा विकला नाही तर त्याची नोकरी जाते. त्याला चहा द्या आणि त्याच्या वरच्या साहेबाचा पत्ता विचारा.

शेवटचं सांगतो. आपल्या घरात शिकलेली पहिली पिढी म्हणजे आपण. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आपण शिकलो, आणि त्या अक्षरांचं केलं काय? बायोडाटा लिहिला, कविता लिहिल्या. आईच्या कार्डावरची एक ओळ वाचली नाही. ती वाचायला एक संध्याकाळ लागते. अर्ज लिहायला दुसरी.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता बुधवार पेठेतल्या विहारात बसू. प्रत्येकानं एका बाईचं कार्ड आणि तिला स्वतःला घेऊन यायचं. पेन आणा, कोरे कागद आणा. झेरॉक्सचे पैसे वर्गणीतून.

जयभीम.